नव्वद फूट आणि एक सूत

मित्रांनो, मी जुना आहे हे माझ्याकडे पाहताच कळते. मी ओळंबा आहे हे मात्र हल्ली सांगावे लागते. मी पितळेचा, मुठीत मावेल एवढा, वरून गोल आणि खाली निमुळता आहे. माझ्या डोक्यातून एक दोरी निघते आणि माझ्या जोडीदाराच्या पोटातून वर जाते. हा जोडीदार म्हणजे मधोमध भोक पाडलेला एक चौकोनी लाकडी ठोकळा. गवंडी हा ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवून धरतो आणि मला खाली सोडतो. ठोकळ्याची रुंदी आणि माझ्या पोटाची जाडी एकच असते. त्यामुळे भिंत सरळ असेल तर माझे पोट तिला नुसते शिवते. मी तिच्यापासून लांब लोंबकळलो तर भिंत वरून पुढे झुकलेली आहे असे समजायचे, आणि तिच्यावर रेललो तर ती मागे कललेली आहे. लोंबकळायचे आणि खरे सांगायचे, एवढेच माझे काम.

खरे सांगण्याचा मला फार गर्व होता. तो कसा उतरला त्याची ही गोष्ट आहे.

माझा जन्म एका ओतकाम करणाऱ्याच्या भट्टीत झाला. एका वस्तादांनी आपल्या तीन शागिर्दांसाठी एकाच साच्यातून तीन ओळंबे ओतवून घेतले, त्यातला मी एक. मी ज्यांच्या वाट्याला आलो त्यांना पुढे सगळे थोरले मिस्त्री म्हणू लागले. दुसरा शागीर्द कोणतीही भिंत दिसली की वैद्याने नाडी पाहावी तसा तिच्यावर हात ठेवून डोळे मिटायचा. तिसरा इतका टापटिपीचा की फुंकर मारल्याशिवाय विटेवरसुद्धा बसायचा नाही. म्हातारपणी ते नाडीकाका आणि फुंकरकाका झाले. तिघांची मैत्री मात्र शागिर्दीच्या पहिल्या दिवसासारखीच राहिली.

थोरल्या मिस्त्रींच्या हातात मी चाळीस वर्षे काम केले. किती भिंतींना मी शिवलो याचा हिशेब माझ्याकडे नाही. संध्याकाळी काम आटोपले की मिस्त्री विटेची भुकटी घेऊन मला घासत. मग मला आणि ठोकळ्याला फळीवर शेजारी शेजारी आडवे ठेवत, आमच्यावरून एकदा अंगठा फिरवत, कधी ठोकळ्याला विटेवर दोन हात घासत आणि पुन्हा अंगठा फिरवत. त्यांची मुलगी तेव्हा लहान होती. ती म्हणायची, "बाबा ओळंब्याला झोपवतात." मलाही तो लाडच वाटे. दिवसभर लोंबकळून आल्यावर तेवढा लाड व्हायलाच हवा, असे मी समजत असे.

मग एके वर्षी थोरले मिस्त्री गेले. मला स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवले गेले आणि दोन वर्षे मी तिथे सरळच्या सरळ लटकत राहिलो. खाली सोडायला कोणी नाही, शिवायला भिंत नाही. मुलगी बापाचेच काम शिकली होती, पण ती दुसऱ्यांच्या हाताखाली विटा लावायला जायची. तिथले मिस्त्री म्हणायचे, "बाई, तू विटा लाव. ओळंबा आम्ही बघतो." हे ती घरी येऊन आईला सांगायची आणि दारामागे मी ऐकायचो. तिच्याइतकाच राग मलाही यायचा, पण खिळ्यावरून काय करणार.

एके दिवशी तिने मला खिळ्यावरून काढले. तिला स्वतःचे पहिले काम मिळाले होते. ग्रंथालयात नवा जिना बसवायचा होता आणि त्याच्यासाठी दहा फूट उंच, वीस फूट लांब विटांची भिंत उभी करायची होती. जिना लोखंडी, कारखान्यात मापाने तयार झालेला. तो पुढच्या सोमवारी येणार होता. कामावरच्या इंजिनिअर साहेबांनी स्पष्ट सांगितले होते की सोमवारी जिना नीट बसला तर मागचा मोठा वाचनकक्षही तिलाच, नाहीतर तो दुसऱ्याला. मजूर तिला पहिल्याच दिवसापासून मिस्त्रीबाई म्हणू लागले. हे नाव टिकणार की चार दिवसांत गळून पडणार, ते या भिंतीवर होते.

तिने दोन्ही काकांना कळवले, "बाबा नाहीत. माझ्या पहिल्या भिंतीला तुम्ही तरी या." रविवारी संध्याकाळी दोघे आगगाडीने आले. हातात एकेक पिशवी, तोंडात दहा वर्षांच्या गप्पा. बेत असा ठरला की दिवसा भिंत आणि संध्याकाळी शहर. गवंड्यांची एक रीत आहे, मित्रांनो. जुने सोबती भेटले की ते आधी एकमेकांनी बांधलेल्या भिंती पाहायला जातात. एकजण वर ठोकळा धरतो, आणि ज्याची भिंत, त्याचे डोळे खाली. काय दिसले ते त्यानेच सांगायचे. दुसऱ्याने वाकून बघायचे नाही.

जेवण झाल्यावर फुंकरकाकांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि मिस्त्रीबाईच्या हातात ठेवली. तो नवा ठोकळा होता. गडद, कठीण लाकूड, आरशासारखी गुळगुळीत कड, मधले भोक सुईच्या नेढ्यासारखे नेटके. "तुझ्या बाबांचा ठोकळा पार झिजलाय, एक कोपरा उडालाय. पहिलं काम, नवा ठोकळा पाहिजे. महिनाभर कोरत होतो."

"माप कुठून घेतलंत?" नाडीकाकांनी विचारले.

"माझ्याच ओळंब्यावरून. तिन्ही एका साच्यातली भावंडं, माप वेगळं असेल कशाला?"

मिस्त्रीबाईचे डोळे भरून आले. तिने तिथेच माझी दोरी जुन्या ठोकळ्यातून ओढून नव्यात ओवली. मला तर नवे कपडे घातल्यासारखे झाले. चाळीस वर्षांचा माझा जोडीदार, काळा पडलेला, चुना-सिमेंटचे डाग अंगावर वागवणारा, फळीवर पडून राहिला. मी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सकाळी आईने त्याला उचलले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवले. "चला," ती म्हणाली, "ह्यांच्या एका तरी वस्तूने घराला टेकू दिला."

सोमवारी भिंत सुरू झाली. विटा रात्रभर भिजवल्या होत्या, माल कालवला गेला, पहिला थर बसला. मिस्त्रीबाईचा हात पाहून मी थक्क झालो. वीट उचलायची, करणीने माल पसरायचा, वीट ठेवायची, करणीच्या मुठीने दोन ठोके द्यायचे. बापाचाच ठेका होता तो, फक्त थोडा जलद. दोन्ही काका उपड्या घमेल्यांवर बसून सल्ले देत होते. काम तिचे, तोंडे त्यांची. दुपारपर्यंत साडेतीन फूट भिंत उभी राहिली. तिने ठोकळा टेकवून मला सोडले, भिंतीचा तो हात, म्हणजे एका वेळी चढवलेला टप्पा, मी शिवेपर्यंत विटा ठोकून सारखा केला, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "ओळंब्यात आहे." हे दोन शब्द म्हणायला तिला वीस वर्षे लागली होती.

संध्याकाळी आम्ही ट्रामने शहरात गेलो. दोन वर्षे दारामागे काढल्यावर ते शहर पाहून माझी छाती दडपली. केवढ्या त्या इमारती. खिडक्यांवर खिडक्या, मजल्यांवर मजले, आणि प्रत्येक मजल्याच्या कोपऱ्यावर कधीतरी माझ्यासारखा कोणीतरी लोंबकळलेला. लोक खालून दिवे आणि दुकाने पाहत चालले होते. मी मिस्त्रीबाईच्या पिशवीतून डोके काढून त्या कडा पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढे सगळे सरळ उभे आहे आणि कोणाला त्याचे काहीच वाटत नाही.

नाडीकाकांची भिंत पोस्टाच्या मागच्या बाजूला होती, पंधरा फूट. पहारेकऱ्याने विचारले, "गच्चीवर कशाला? भिंत पडणारे की काय?"

"मी बांधलीय," नाडीकाका म्हणाले, "तू पडशील, ती नाही पडणार."

मिस्त्रीबाई वर गेली आणि तिने मला सोडले. खाली नाडीकाका कमरेवर हात ठेवून उभे होते. मी स्थिर झालो. आणि मित्रांनो, मी भिंतीला शिवलो नाही. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये एक सुताची फट होती. सूत म्हणजे गवंड्यांचे आणि सुतारांचे माप, इंचाचा आठवा भाग. नाडीकाका वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. वरून हाक आली, "काका, किती?"

"वारा आहे," नाडीकाका म्हणाले. "वाऱ्यात काही कळत नाही. चला, चहा घेऊ."

झाडाचे पान हलत नव्हते. परत येताना ट्राममध्ये नाडीकाका बाहेरच बघत बसले. मला त्यांची कीव आली आणि खरे सांगायचे तर थोडा मानही वर झाला. म्हाताऱ्याची पोल आपण उघडली, असे मला वाटले.

मंगळवारी भिंतीचा दुसरा हात चढला. आता परांची बांधली होती. मिस्त्रीबाई परांचीवर उभी राहून काम करत होती आणि फळ्या मध्ये येत असल्यामुळे मला पार जमिनीपर्यंत सोडता येत नव्हते. ती मला फळीपर्यंतच सोडायची, म्हणजे कालच्या भिंतीच्या माथ्यापर्यंत, आणि आजचा हात कालच्यावर ओळंब्यात आणायची. सगळेच गवंडी असे करतात. संध्याकाळी फुंकरकाकांच्या नाटकगृहाकडे जायचे होते, तेव्हा आईही ठेवणीतली चप्पल घालून आमच्याबरोबर निघाली. नाटकगृहाची मागची भिंत चाळीस फूट, एकही खिडकी नसलेली. तिच्या माथ्यावरून खाली उतरताना मला वाटले की विटांचा प्रवाहच माझ्याशेजारून वर चालला आहे. असे सफाईदार सांधे मी दुसरीकडे पाहिले नाहीत. तळाशी फुंकरकाका वाट पाहत होते. मी थांबलो आणि पुन्हा तीच फट राहिली, एक सूत.

फुंकरकाकांनी वाकून पाहिले. वरून दोनदा विचारले तेव्हा म्हणाले, "ठीक आहे." मग समोरच्या बाकावर दोनदा फुंकर मारली आणि न बसताच निघाले. आईने त्यांच्यापुढे भाजलेल्या शेंगांची पुडी धरली, तर म्हणाले, "वहिनी, भूक नाही."

बुधवारी दुपारी भिंत दहा फूट झाली. साहेब येऊन तिच्यावरून हात फिरवून गेले. "सुतासारखी सरळ," ते म्हणाले. मजुरांनी मिस्त्रीबाईला चहा पाजला. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली, "आज बाबांच्या मनोऱ्यावर जायचं."

थोरल्या मिस्त्रींनी आयुष्यात पुष्कळ भिंती बांधल्या, पण त्यांचे नाव घेतले जायचे ते पाणीपुरवठ्याच्या मनोऱ्यासाठी. गोल, विटांचा, नव्वद फूट उंच. आता त्याच्यात पाणी नसते; लोक आतल्या लोखंडी पायऱ्यांनी वर चढून शहर पाहतात. आत मधोमध सगळी पोकळी आहे आणि एका बाजूची भिंत माथ्यापासून तळापर्यंत मोकळी आहे, म्हणून तिथे वारा लागत नाही आणि काही आड येत नाही. त्याच्या प्रत्येक हाताला मी शिवलो होतो, पण पुऱ्या नव्वद फुटांवरून मला कोणी सोडले नव्हते. मिस्त्री म्हणायचे, "सोडून कशाला बघायचं? केसाएवढंही चुकलेलं नाही."

दोन्ही काका धापा टाकत वर चढले. त्यांनी नवा ठोकळा टेकवला आणि मला सोडले. मित्रांनो, ते उतरणे मी कधीच विसरणार नाही. माझ्या शेजारून वीट जात होती, वीट जात होती, वीट जात होती. वर उजेडाचा वाटोळा तुकडा लहान होत गेला, खाली अंधारातून जमीन वर येऊ लागली, आणि माणसांचे आवाज विहिरीतून यावेत तसे येऊ लागले. एवढे सगळे एका माणसाच्या दोन हातांनी एकावर एक ठेवलेले. तळाजवळ पोहोचलो तेव्हा मी झुलत होतो. इतक्या लांब दोरीवर एक हेलकावा घ्यायला मला एवढा वेळ लागे की माणसाने सावकाश दहा आकडे मोजावेत. मिस्त्रीबाई खाली गुडघ्यांवर बसली होती. बाप नव्हता, म्हणून आज डोळे तिचे. तिने मला दोन बोटांनी अलगद शांत केले आणि हात काढून घेतला.

एक सुताची फट होती.

वरून हाक आली, "किती गं?"

ती पुन्हा वाकली. "वारा आहे" म्हणणे किती सोपे होते, आणि तिला पाहणारेही कोणी नव्हते. पण रीत ती रीत. ती म्हणाली, "एक सूत."

वर आनंदीआनंद झाला. "नव्वद फुटांत एक सूत?" नाडीकाकांचा आवाज मनोऱ्यात घुमला. "मिस्त्री होता की कोण होता." दोघे पायऱ्या उतरून खाली आले. नाडीकाकांनी भिंतीवर हात ठेवला, डोळे मिटले, आणि मग खालमानेने म्हणाले, "पोरी, त्या दिवशी वारा नव्हता. माझ्या पंधरा फुटांत एक सूत होतं. तुझ्या बाबाच्या नव्वद फुटांत तेवढंच. मी कुठे नि तो कुठे."

फुंकरकाकांनी त्यांच्याकडे पाहिले. "माझ्या चाळिसातही एक सूतच."

दोघे एकमेकांची समजूत घालू लागले. मिस्त्रीबाईचा चेहरा मात्र पांढरा पडत चालला होता. ती हळूच म्हणाली, "काका, भिंत झुकली तर उंचीप्रमाणे झुकेल ना? पंधरा फुटांत एक सूत, तर नव्वदात सहा सूत. तीन माणसं, तीन भिंती, आणि फट एकच? ही फट उंचीला भीकच घालत नाहीये." तिने मला उचलले. "हे भिंतींचं नाहीये. हे आपण वर काय धरलं होतं त्याचं आहे."

आम्ही तडक घरी आलो. तिने टेबल उचलून पायाखालचा जुना ठोकळा ओढला. आई म्हणाली, "अगं, डुगडुगेल ते," पण लेकीचे तोंड पाहून बाजूला झाली. मिस्त्रीबाईने मला टेबलावर आडवे ठेवले, एका बाजूला जुना ठोकळा, दुसऱ्या बाजूला नवा. आणि अंगठा फिरवला, तिचे बाबा रोज फिरवत तसा. माझ्यावरून जुन्यावर अंगठा अडखळल्याशिवाय गेला. माझ्यावरून नव्यावर जाताना ठेचकाळला. नवा ठोकळा चारी बाजूंनी माझ्यापेक्षा एक सूत मोठा होता.

फुंकरकाका खुर्चीत बसले, आज फुंकर न मारता. "माझा ओळंबा पंचवीस वर्षं कपाटात आहे," ते म्हणाले. "तो झिजलाच नाही."

झिजलो होतो मी, मित्रांनो. चाळीस वर्षे भिंतींना शिवून आणि विटेच्या भुकटीने घासून माझे पोट उतरले होते आणि मला पत्ताही नव्हता. थोरल्या मिस्त्रींना होता. रोज संध्याकाळी ते अंगठा फिरवून बघत, आणि मी जेवढा कमी होई तेवढेच ठोकळ्याला विटेवर घासून कमी करत. आम्ही दोघे बरोबरीने झिजत होतो, म्हणून खरे होतो. ज्याला मी टेबलाखाली जाताना वळूनही पाहिले नाही, त्याच्याशिवाय माझ्या शब्दाला काडीची किंमत नव्हती. त्या दिवशी मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही.

"म्हणजे बाबांची भिंत सरळ आहे," मिस्त्रीबाई म्हणाली आणि रडू लागली. मग एकदम थांबली, कारण पुढचे तिला कळले. सरळ भिंती वाकड्या दिसल्या होत्या. मग ज्या भिंतीला मी व्यवस्थित शिवलो होतो, ती वाकडी होती. तिची स्वतःची.

गुरुवारी सकाळी तिने मजुरांना परांचीच्या फळ्या काढायला लावल्या, मला पुन्हा जुन्या ठोकळ्यात ओवले आणि वरपासून खालपर्यंत सोडले. मी भिंतीवर सपशेल रेललो. तीन दिवसांचे तीन हात, प्रत्येकात एक सूत मागे. दहा फुटांत तीन सूत.

साहेब आले तेव्हा तिने काही न लपवता सगळे सांगितले. साहेब म्हणाले, "तीन सूत ना? गिलाव्यात जाईल. कोणाला कळणार आहे?"

"जिन्याला कळेल, साहेब. तो कारखान्यातून मापाने येणार आहे. त्याला आपला गिलावा समजत नाही."

"आणि पाडलीस तर? तीन दिवस गेले, चार उरले. गावभर होईल की पहिलीच भिंत पाडावी लागली. सोमवारी जिना बसला नाही तर वाचनकक्षाचं मी काही करू शकणार नाही."

"होऊ दे गावभर," ती म्हणाली. "वाकडी ठेवली असं तरी होणार नाही."

फुंकरकाका पुढे आले. त्यांनी बाह्या सरसावल्या. "चूक माझी आहे. पहिली वीट मला काढू दे."

"नाही, काका," ती म्हणाली. "अंगठा फिरवून बघायचं माझं काम होतं. बाबा रोज करायचे, मी बघायचे, आणि मला तो खेळ वाटायचा. वीट मी लावली, मीच काढणार. तुम्ही विटा साफ करून द्या. तुमच्याइतकी साफ कोण करणार?"

आणि भिंत उतरू लागली. माल अजून पुरता धरला नव्हता, त्यामुळे विटा न मोडता निघत होत्या. फुंकरकाका एकेक वीट खरवडून, पुसून, फुंकर मारून ओळीने रचत होते. नाडीकाकांनी अकरा वर्षांनी करणी हातात घेतली. गुडघे कुरकुरत होते, तोंड त्याहून जास्त. दुपारपासून दोघे दोन टोकांनी आणि मिस्त्रीबाई मधोमध अशी भिंत पुन्हा चढू लागली. आता उपड्या घमेल्यांवर कोणी बसलेले नव्हते. आई दुपारी डबा घेऊन यायची आणि जाताना चार विटा देऊन जायची. दर हाताला मिस्त्रीबाई मला आणि जुन्या ठोकळ्याला शेजारी ठेवी, अंगठा फिरवी आणि मगच सोडी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार गेले. रविवारी कोणी भिंतीला हात लावला नाही. तिला माल धरायला वेळ हवा होता, आणि काकांना पाठ धरायला. दोघांनी परतीची तिकिटे बदलून घेतली होती.

सोमवारी लोखंडी जिना आला. कारखान्यातल्या माणसांनी तो दोरखंडांनी उभा केला आणि भिंतीला लावला. वरचा पट्टा भिंतीवर तळहात ठेवावा तसा बसला. आठच्या आठ बोल्ट हाताने फिरवून आत गेले. साहेब जिन्यावरून वर गेले, खाली आले, आणि मिस्त्रीबाईला म्हणाले, "वाचनकक्षाच्या विटा कधी मागवायच्या?" तिने मला खिशात घट्ट धरले होते, एवढेच मला माहीत आहे.

काकांची गाडी रात्रीची होती. संध्याकाळी, कोणी न सांगता, सगळे मनोऱ्याकडे निघाले. आईही आली. दोन्ही काका वर गेले, मिस्त्रीबाई खाली बसली. वर जुना ठोकळा टेकला, उडालेल्या कोपऱ्याचा, डागाळलेला, आणि मी पुन्हा त्या उंचीवरून उतरू लागलो. वीट, वीट, वीट. या वेळी मला भीती वाटत होती. मी झुलत होतो. तिने मला दोन बोटांनी शांत केले आणि हात काढला.

माझे पोट भिंतीला शिवले. रेललो नाही, लांब राहिलो नाही. दारामागे दोन वर्षे ज्या स्पर्शासाठी मी झुरलो, तो हाच होता. नव्वद फूट उंचीवरून माझ्या मिस्त्रींनी मला बरोबर घरी आणून सोडले होते.

"किती?" वरून दोघांनी एकदम विचारले.

तिने कपाळ भिंतीला टेकवले. आईने वाकून बघितले. ते रीतीत बसत नव्हते, पण तिला कोण अडवणार. मग तीच वर पाहून म्हणाली, "काही नाही."

"ऐकू आलं नाही. किती?"

"काही नाही हो, भाऊजी," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "काहीच नाही."

मग नाडीकाकांचा आवाज आला, "चला, आटपा. पोस्ट अजून उघडं असेल."

मित्रांनो, आता मी रोज कामावर जातो. वाचनकक्षाच्या चारही भिंती माझ्या ओळखीच्या आहेत. नवा ठोकळा फुंकरकाका परत घेऊन गेले. तो त्यांच्या कपाटातल्या जाड ओळंब्याला अगदी बरोबर बसतो, आणि ती जोडी घेऊन ते म्हणे शेजाऱ्याच्या अंगणात भिंत बांधायला लागले आहेत. आमच्या स्वयंपाकघरातले टेबल मात्र डुगडुगते, आणि आई रोज एकदा तरी त्याबद्दल बोलते.

तुमच्याकडेही जुन्या वस्तू असतील, आणि जुनी माणसे असतील. त्यांना पुसा, जपा. पण कोणी त्यांच्याबरोबर झिजत आले असेल, तर त्याला टेबलाखाली सरकवण्याआधी एकदा दोघांना शेजारी ठेवून अंगठा फिरवून बघा. मिस्त्रीबाई रोज सकाळी आमच्यावरून फिरवते. मी आणखी थोडा झिजलो असलो तर ती माझ्या जोडीदाराला विटेवर दोन हात घासते, आणि मग आम्ही दोघे कामाला निघतो.